तिवराची पानं निवडताना

सुजाता, तू गेलीस तेव्हा तुझी पानांची पिशवी गॅलरीत कपड्यांच्या दोरीखाली पडली होती आणि ती ओली होती. माणसं आली, रडली, मृत्यूचा दाखला कुठे मिळतो त्याची धावपळ झाली, गावाला फोन झाले. पिशवीकडे कोणी बघितलं नाही. मी बघितलं, पण त्या दिवशी माझ्याच्याने उठवलं नाही.

नंतर तुमच्या मुख्याध्यापिका बाई येऊन गेल्या. शाळेच्या अंकात तुझ्यावर लिहिणार आहेत. मला म्हणाल्या, "जन्म, शिक्षण, नोकरी ते आम्ही लिहू. तुम्ही घरातली सुजाता लिहा." मी म्हटलं, मी चौथी शिकलेली बाई, मला काय लिहिता येणार? तर म्हणाल्या, बोलता तसं लिहा. आता मी कशी बोलते ते तुला माहीत आहे. घरातली सुजाता लिहायची म्हणजे निम्मी भांडणं येणार. नाही आवडलं तर त्यांनी छापू नये.

आणि तुझ्याबद्दल लोकांना सांगत बसण्यापेक्षा मी तुलाच सांगते. सांगायचं पुष्कळ राहिलंय. विचारायचं त्याहून जास्त.

तू पहिल्यांदा खाडीवर गेलीस तेव्हा मला वाटलं, हेही शाळेच्या मागे लागलेलं काहीतरी असेल. निवडणुकीचं काम, जनगणना, याद्या, मास्तरांना काय कमी कामं लावतात? मी विचारलं, "आता काय मोजायला पाठवतायत?"

"पाठवत नाहीत आई. मी आपणहून जातेय."

"रविवारी?"

"रविवारी."

"चिखलात?"

"गुडघ्यापर्यंत," तू म्हणालीस आणि हसलीस. मला ते हसणं कळलं नाही. आमच्या गावी चिखलात जाणाऱ्या बायका अशा हसत नसत. लावणीचा चिखल मी लहानपणी इतका तुडवलाय की पायाच्या भेगा अजून तेव्हाच्याच आहेत. त्यातून सुटायला तर आम्ही इकडे आलो. आणि माझी सून, बीएससी बीएड, पायात रबरी बूट घालून उलटी चिखलात निघाली.

मग हळूहळू कळलं. डोंबिवली पश्चिमेला, मोठागावच्या पुढे, खाडीच्या काठाने तिवराची झाडं आहेत. एका कॉलेजच्या मॅडम त्यांचा अभ्यास करतात. त्यांना माणसं कमी पडतात म्हणून त्यांनी आसपासच्या शाळांमधले शिक्षक मदतीला घेतले. तू, तुमचे भूगोलाचे देसले सर आणि आणखी दोघीतिघी. काम काय, तर झाडाखाली जाळीच्या झोळ्या बांधायच्या. महिनाभर झाडावरून जे पडेल ते त्यात पडू द्यायचं. महिन्याने ओहोटी बघून जायचं, झोळ्या रिकाम्या करायच्या, घरी आणून वाळवायचं, वेगवेगळं करायचं आणि मॅडमकडे द्यायचं. त्या भट्टीत आणखी वाळवून वजन करणार.

मी म्हटलं, "झाडाची पानं पडतात. त्यात शोधायचं काय?"

तू फळ्यावर काढायचीस तसं हवेत बोटाने काढून दाखवलंस. पान पडतं, ते कुजतं, ते खेकडा खातो, खेकड्याला मासा खातो, माशाला बगळा खातो. "वीस वर्षं मी हे बाण काढतेय आई. मुलं पाठ करतात, मार्क मिळवतात. पण पहिला बाण निघतो कुठून ते मी स्वतः कधी बघितलंच नाही. मला बघायचंय, झाड खाडीला किती जेवण वाढतं."

हे मला पटलं असं नाही. पण 'जेवण वाढतं' म्हणालीस तेव्हा मी कान दिला.

झोळ्या शिवायची वेळ आली तेव्हा तुला माझी आठवण झाली. वागळे इस्टेटमध्ये शिलाईच्या कारखान्यात माझी उमर गेली, हे तुला आणि माझ्या विनोदला एरवी कधी आठवायचं नाही, पडद्यांना अस्तर लावायचं असलं की आठवायचं. तू मच्छरदाणीचं कापड घेऊन आलीस. तोंडाला तारेची कडी हवी, खाली निमुळती हवी, पाणी थांबता कामा नये आणि तिवराचं बारीक पिवळं फूल असतं तेसुद्धा गळता कामा नये.

"माप?"

"अंदाजाने नाही चालणार. सगळ्या सारख्या हव्यात."

"सारख्याच करते गं. पण घालणार कोण आहे ते तरी कळू दे. झाड येणार आहे का माप द्यायला?"

तू देसले सरांना फोनवर हे सांगितलंस आणि ते एवढ्या मोठ्याने हसले की मला खोलीत ऐकू आलं. तेव्हापासून ते मला मावशी म्हणायला लागले. झोळ्या मी शिवल्या, दुहेरी शिवण घातली, आणि त्या गेल्या. मी त्या पुन्हा बघितल्या नाहीत. तू म्हणायचीस, "एकदा चला ना आई, तुमची झोळी झाडाला कशी दिसते बघायला." मी म्हणायचे, चिखल बघितलाय मी. तू पुन्हा म्हणायचीस, मी पुन्हा तेच.

झोळ्या गेल्या आणि महिन्याने पिशव्या यायला लागल्या. पहिल्याच पिशवीचं काय झालं ते तू देसले सरांना, मॅडमना, तुझ्या वर्गाला, सगळ्या जगाला सांगितलंयस, तेव्हा मीही लिहून टाकते.

तुझी पेपर तपासायची घाई होती. पिशवी वर्तमानपत्रावर ओतून तू आत गेलीस. मी रिकामी होते. मला वाटलं, बिचारी दमलीय, करून टाकू. मांडी घालून बसले आणि मेथी निवडतात तशी निवडली. चांगली, अख्खी, पिवळी-हिरवी पानं एका बाजूला. भोकं पडलेली, काळी पडलेली, किड्यांनी खाल्लेली, कुजून काडीला चिकटलेली, ती कागदात गुंडाळून कचऱ्यात. झालं. हात धुतले आणि तुला सांगितलं, "तुझं निवडून ठेवलंय, बघ."

तू बाहेर आलीस. त्या स्वच्छ ढिगाकडे बघत उभी राहिलीस. "बाकीची कुठेयत?"

"खराब होती ती टाकली."

तुझा चेहरा असा झाला की मला वाटलं, कुणी गेलं की काय. मग तू चप्पल न घालता जिन्याने खाली पळालीस, आणि मी तुझ्यामागे, माझे गुडघे धरून. सोसायटीच्या डब्यातून तू आपलं पुडकं शोधून काढलंस. वॉचमन टॉर्च घेऊन आला. त्याला वाटलं, मंगळसूत्र पडलं. "काय शोधताय मॅडम?" तू म्हणालीस, "सडकी पानं." तो टॉर्च बंद करून गेला.

वर आल्यावर आपण दोघी कांद्याच्या साली आणि चहाचा चोथा त्यातून वेगळा करत बसलो. तू रागावलेली होतीस. तू रागावलीस की तुझा आवाज वर्गातल्यासारखा हळू व्हायचा. "आई, इथे खराब असं काही नसतं. झाडाने जे टाकलं ते सगळं ठेवायचं. पान पानात, फूल फुलात, फळ फळात, काडी काडीत. ओळखू येत नाही ते इतरमध्ये. टाकायचं काही नाही."

"मग कुजकंसुद्धा?"

"कुजकंच तर खेकडा खातो."

मी म्हटलं, "आधी सांगायचं होतंस. आम्ही जन्मभर चांगलं ठेवून वाईट टाकत आलो. हाताला दुसरं काही येत नाही." तेव्हा तू हसायला लागलीस, कांद्याची साल हातात धरून. आणि तो महिना वाचला, हेही सगळ्यांना सांगत जा.

त्यानंतर महिन्याच्या एका रविवारी संध्याकाळी आपण वर्तमानपत्राच्या दोन बाजूंना बसायला लागलो. मी कधी बोलले नाही, पण खरं ते लिहिते. त्याआधी आपण एकमेकींशी काय बोलायचो? गॅसचा नंबर लावला का, दूध कोण आणणार, विनोदला उशीर होणार आहे. सासू म्हणून मी तुला छळलं नाही आणि सून म्हणून तू मला उलट बोलली नाहीस, पण त्याला काही बोलणं म्हणत नाहीत. लोक मला विचारायचे, सुनेला मूल नाही का? मी सांगायचे, तिला वर्गात साठ आहेत, पुरेत. तेही मी तुला कधी सांगितलं नाही. पानं आली आणि आपल्याला विषय मिळाला.

मी विचारायचे आणि तू सांगायचीस. निम्म्या वेळी तू म्हणायचीस, माहीत नाही. मला ते आवडायला लागलं. माझ्या ओळखीत माहीत नाही म्हणणारी शिकलेली माणसं कमी.

एकदा तू तिवराची ताजी डहाळी आणलीस आणि म्हणालीस, पान चाटून बघा. मी चाटलं. खारट! वर मिठाचे बारीक कण, हाताला लागतील असे. तू म्हणालीस, तिवर खाऱ्या पाण्यात उभं असतं, ते जास्तीचं मीठ पानातून बाहेर टाकतं. मी पान उलटं केलं, सुलटं केलं. मग मला सुचलं ते मी बोलले: "म्हणजे म्हातारं पान टाकताना झाड त्यात मीठ भरून टाकत असेल. नाहीतरी ते पडणारच आहे, जाता जाता घेऊन जाईल. पिवळं पान हिरव्यापेक्षा खारट असणार."

तू हातातलं काम थांबवलंस. "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोण सांगणार? वाटलं."

"काही शास्त्रज्ञ असंच म्हणतात. काही म्हणतात, तसं नाही."

"मग खरं काय?"

"अजून पक्कं नाही."

"एवढे शिकलेले लोक आणि पक्कं नाही?"

"पक्कं नाही म्हणून तर जातो आई," तू म्हणालीस.

दुसऱ्या दिवशी तू हा प्रश्न वर्गात टाकलास. घरी येऊन म्हणालीस, मुलांनी हात वर केले, जास्त हात तुमच्या बाजूने. मी म्हटलं, मग झालं, मी जिंकले. तू म्हणालीस, हात वर करून मीठ ठरत नाही. तिथे ते भांडण थांबलं. आपलं ठरलं होतं की मी एकदा खाडीवर यायचं आणि एकाच झाडाचं हिरवं आणि पिवळं पान चाटून बघायचं. जिभेने मोजता येत नाही हे तू दहा वेळा सांगितलंस, पण यायचं ठरलं होतं.

दुसरं भांडण मोठं होतं. मी विचारलं होतं, हे सगळं मोजून होणार काय? तू म्हणालीस, "उद्या कोणी म्हणालं की इथे काही नाही, नुसता चिखल आहे, भराव टाका, तर दाखवायला काहीतरी हवं ना?"

मी म्हटलं, "ज्याला भराव टाकायचा तो तुझी पानं बघायला थांबणार आहे होय?"

तू कागद गुंडाळून आत गेलीस. मला वाटलं, आता रविवारचं बंद. दोन-तीन दिवसांनी तू पोळ्या लाटत होतीस आणि मी भाजत होते. मध्येच म्हणालीस, "नाही थांबणार. बरोबर आहे तुमचं. पण नंतर कोणी विचारलं की इथे आधी काय होतं, तर सांगता तरी येईल."

मी म्हटलं, "पोळी करपतेय." करपत नव्हती. तुलाही दिसत होतं.

आता त्या पिशवीचं सांगते.

पुण्यानुमोदनाला घर माणसांनी भरणार म्हणून विनोदने आवरायला घेतलं. तुझ्या साड्यांना तो हात लावेना, पुस्तकांना लावेना. गॅलरीत गेला आणि पिशवी उचलून आणली.

"आई, ही टाकून देतो. वास मारतेय."

"खाडीचा वास आहे तो."

"तेच म्हणतोय."

"खाली ठेव."

"अगं, आता कोण बघणार आहे ते? माणसं येतील."

"खाली ठेव म्हटलं ना."

त्याने ठेवली. मोरीत गेला आणि नळ सोडून बराच वेळ बाहेर आला नाही. मी हाक मारली नाही. तो बाहेर आल्यावर त्याच्याकडूनच देसले सरांना फोन लावून घेतला.

सर म्हणाले, "मावशी, ते राहू द्या. मॅडमशी बोललोय मी. तो महिना रिकामा सोडू. त्या समजून घेतील."

"रिकामा सोडला तर काय होतं?"

"सलग दोन वर्षं हवी होती. हा शेवटचा महिना होता. तिच्या झाडांचं दुसरं वर्ष धरता येणार नाही मग. बाकीच्यांची झाडं आहेत."

"तिची नाहीत?"

"तिची अर्धवट राहतील."

"मग समजून कशाला घ्यायचं?" मी म्हटलं. "पानांना बुरशी आलीय, पांढरी. पुसू का?"

"पुसू नका," ते म्हणाले, आणि लगेच मास्तरांच्या आवाजात, "आलीय तशी वाळवा. पिशव्यांवरचे झाडांचे नंबर एकमेकांत जाऊ देऊ नका."

हे मलाही माहीत होतं. मोठ्या पिशवीत लहान पिशव्या असतात, एका झाडाची एक. मी एकेक काढून वेगळ्या कागदांवर पसरली. ऊन कधी होतं, कधी नव्हतं. तुमच्या खोलीतला टेबलफॅन बाहेर आणून हळू लावला. पानं उडायला लागली तेव्हा विनोदने प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यांवर तुझी पुस्तकं ठेवली.

वाळली तशी मी निवडायला बसले. तेवढ्यात चिपळूणहून वन्सं आल्या, विनोदची आत्या. दारातच थांबल्या. "वहिनी, हे काय? दुखवट्याच्या घरात पाचोळा घेऊन बसलात? लोक काय म्हणतील?"

"लोकांना चहा द्या," मी म्हटलं.

त्यांनी चहा दिला. मग माझ्याजवळ येऊन टेकल्या, बघत राहिल्या, आणि बघता बघता त्यांचाही हात चालायला लागला. जन्माची सवय. एक कुजकं, भोकं पडलेलं पान त्यांनी चिमटीत उचललं आणि मागे फेकलं. मी त्यांचं मनगट धरलं.

"टाकायचं नाही."

"अहो, सडलंय ते."

"इथे खराब असं काही नसतं. झाडाने टाकलं ते सगळं ठेवायचं."

माझा आवाज हळू झाला होता. वन्संनी माझ्याकडे बघितलं. मीच दचकले. तुझंच बोलणं माझ्या तोंडून आलं होतं. वन्संनी पान शोधून आणलं आणि विचारलं, "कशात ठेवू?" आम्ही दोघींनी मिळून ते काम संपवलं. या खेपेला फळं खूप होती, हिरवी, चपटी, काही झोळीतच फुटून आतला कोंब दिसणारी. तू असतीस तर त्यातलं एक हातात घेऊन मला भाषण दिलं असतंस.

इतरमध्ये एक पांढरं पीस निघालं, कोळ्याच्या जाळ्याची गुंडाळी निघाली, आणि एक केस. लांब, मेंदीचा लाल. माझे पांढरे आहेत आणि विनोदला आहेत कुठे? झोळी रिकामी करताना तुझा पडला असणार. मी तो उचलला आणि विचारात पडले. झाडाचा नाही. पण पिशवीत आलेला आहे. हे मला कोणाला विचारता येईना. शेवटी मी तो इतरमध्ये ठेवला. देसले सर पुड्या न्यायला आले तेव्हा त्यांनी ती पुडी उघडून बघितली, पुन्हा बांधली आणि वर लिहिलं, इतर. मॅडमनी तो ठेवला की काढला, मला माहीत नाही. मी विचारणार नाही.

पुण्यानुमोदन नीट झालं. तुझ्या शाळेच्या बायका आल्या, वर्गातली मुलं आली, मागच्या वर्गांतली मोठी झालेली मुलंही आली. भन्तेजींनी अनित्यावर सांगितलं, जे उत्पन्न झालं ते नष्ट होतं. ते चांगलं सांगतात. पण मी मनात म्हटलं, नष्ट कुठे होतं, खेकडे खातात. आणि मग मला ते कोणाला तरी सांगावंसं वाटलं आणि मी तुझ्या फोटोकडे बघितलं. मी रडले ती तेव्हा, त्यावरून. बाकीच्यांना वाटलं, भन्तेजींच्या बोलण्यावरून.

तुला माझ्याआधी जायचं काही कारण नव्हतं. मला राग आलेला आहे. तो कोणावर काढायचा ते कळत नाही, म्हणून तो आहे तसा ठेवलाय. पुसलेला नाही.

पुड्या देताना मी सरांना म्हटलं, "मला झोळ्या बघायच्यात."

"मावशी, चिखल आहे तिथे."

"चिखल मला सांगू नका."

मागच्या रविवारी ते मला रिक्षाने घेऊन गेले. बांधावर उतरलो. तिथे एक झाड काठाला आहे, तुझंच, त्याच्याजवळ बांधावरून जाता येतं. मी झोळी बघितली. इतकी वर्षं मी लोकांसाठी शर्ट शिवले, एकही कोणाच्या अंगावर ओळखू आला नाही. ही ओळखली. जाळीचा रंग पार गेलाय, चिखलाचे शिंतोडे आहेत, पण माझी दुहेरी शिवण जशीच्या तशी. झाडाला ती मापात बसलीय. ही झोळी आता काढायची की ठेवायची, असं सर विचारत होते. काम तर संपलं. मी म्हटलं, "राहू दे. मॅडमना सांगा, या झाडांची पानं मी निवडत जाईन. तुम्ही आणायची." ते म्हणाले, "विचारतो." मी म्हटलं, "विचारू नका, सांगा."

मग मी हिरवं पान तोडलं आणि त्याच फांदीवरचं पिवळं तोडलं.

"मावशी, चाटू नका, त्या पाण्यात काय काय येतं."

मी दोन्ही चाटली. सांगते तुला. दोन्ही खारट. आधी पिवळं जास्त वाटलं, मग हिरवं जास्त वाटलं, मग जिभेला काहीच कळेना. तू म्हणाली होतीस ते बरोबर, जिभेने नाही मोजता येत. तेव्हा ते भांडण तिथेच आहे. मी जिंकलेले नाही आणि तूही नाहीस.

आणि तिथे उभं असताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली. इतके महिने मी या झाडांची पानं हाताळली, प्रत्येक पान उलटसुलट केलं, पण एकही पान झाडावरून पडताना बघितलेलं नव्हतं. तू बघितलं असशील. कसं पडतं, सरळ की गिरकी घेत, आवाज येतो का, हे मी तुला विचारलंच नाही.

मी झाडाकडे बघत उभी राहिले. एक पिवळं पान खालच्या फांदीला अगदी सैल लटकत होतं, बरोबर झोळीवर. वारा होता. दुसरी पानं हलत होती, तेही हलत होतं, पण पडत नव्हतं. भरती लागली होती. चिखलातली बिळं एकेक करून पाण्याखाली जात होती.

"मावशी, चला. पाणी चढतंय, रिक्षावाला थांबायचा नाही."

"थांबा हो सर. एक पडू दे."

सर थांबले.

आणि पडलं. मी बघत होते ते नाही, वरच्या फांदीचं, जिकडे माझं लक्षही नव्हतं. आवाज आला नाही. वाऱ्याने थोडं बाजूला गेलं, झोळीच्या कडीला टेकलं, वाटलं की आत जाईल, आणि बाहेर पाण्यात पडलं.

झोळीबाहेरचं आपलं नाही, हे तू मला पहिल्या महिन्यातच सांगितलं होतंस. खाली पडलेलीही का नाही वेचून आणत, असं मी विचारलं होतं, तर तू म्हणाली होतीस, "ते खाडीचं. त्याला हात लावायचा नाही आणि ते मोजायचंही नाही."

मी हात लावला नाही. ते पाण्यावर उताणं होऊन जरा वेळ झाडापाशीच घुटमळलं, मग भरतीबरोबर आत, तिवरांच्या गर्दीत गेलं. दिसेनासं होईपर्यंत मी बघितलं.